तांब्याभर कच्चं दूध

केमो चालू असताना बायकोला सगळं उकळूनच द्या, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मला ते पटलं न्हाय. जन्मभर मी गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध तसंच प्यालोय. उकळलं की त्यातला जोर जातो, ही आमची समजूत. दुसऱ्या केमोनंतर तिला उठवेना, तेव्हा तांब्या भरून आणला.

"तापवलंय न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय की. पी गुमान."

"तुमी आणि तुमची म्हस," म्हणत ती प्याली.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कच्चं काय दिलंत का? मी न्हाय म्हणालो. तिनं खाटेवरनं माझ्याकडं बघितलं.

ती परत घरी आली न्हाय. दुधानंच गेली का, ते मला ठाऊक न्हाय. पोरांना त्या दुधाचं अजून सांगितलेलं न्हाय.