कॉस्टिक आणि हौदाचं पाणी

दिघाशीच्या मावशीमुळे माझा उजवा हात आज कामाचा आहे. नात्यातली ती माझी कोणी नव्हती. भिवंडीबाहेर अंबाडीच्या रस्त्याला एका शेडमध्ये आम्ही शेजारी बसून कोळंबीची सालं धुवायचो, एवढीच ओळख.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी परभणीकडची, सहावीतच शाळा सुटलेली. नवरा लूमवर, लेक गावी सासूजवळ. मासळीच्या कारखान्यांतून फेकायची सालं आमच्याकडे पोत्यांनी यायची. ॲसिडात टाकून त्यांतला चुना काढायचा, मग गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवायची. उरलेल्या पांढऱ्या चुऱ्यापासून जखमेवर लावायचा पातळ पापुद्रा शेठ बनवायचा. ठाण्याचे एक डॉक्टर तो तपासून बघत होते. असल्या घाण वासातून जखमेचं औषध निघतं, हे मला खरंच वाटायचं नाही.

पिंपातलं कॉस्टिक गटारात सोडण्याआधी त्यात ॲसिड ओतायची रीत होती. एकाला दुसरं कापतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ.

त्या दुपारी पोतं ओतताना पिंप हिंदकळलं आणि कॉस्टिक माझ्या मनगटापासून बोटांवर आलं. मी किंचाळले. सुपरवायझर धावतच ॲसिडचा मग घेऊन आला. "हाथ आगे कर! ॲसिड से कॉस्टिक कटेगा!" त्याच्या मनात वाईट नव्हतं. मीसुद्धा हात पुढे केला. रोज तेच तर बघत होते.

मावशीनं मला कंबरेला धरून मागं ओढलं.

"मौसी, बीच में मत आओ!"

"तोंड भाजला तं वर मिरची खातंस का रं? हो बाजूला, मेल्या!"

तिनं माझा हात हौदाच्या नळाखाली धरला. कातडी साबणासारखी बुळबुळीत झाली होती, तिच्या मुठीतून हात निसटत होता. मी म्हटलं, "पुरे मावशी, सोड."

"पुरे मी सांगन. तुझी आय हितं न्हाय, मी हाय."

नळाची धार बारीक झाली. सुपरवायझर पुटपुटला, "पाणी संपलं तर सालं कशानं धुणार?"

"तुज्या घामानं! बादल्या आन विहिरीवरशी!"

आणि तो खरंच गेला. एकामागून एक बादल्या आणत राहिला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मूठ वळव." वळेना. आता हा हात असाच राहिला तर गावी कोणत्या तोंडानं जाऊ, लेकीला कशी उचलू, याच विचारात दिवस जाऊ लागले. एकदा धीर करून शेठला विचारलं, आपला पापुद्रा मला लावता का? तो खाली बघत म्हणाला, "अजून तसा शुद्ध झाला नाही, बाई."

मावशी हसली. "लोकांच्या जखमांना आपला पापुद्रा, न् आपल्या जखमंला सरकारी मलम!"

तोवर माझ्या वाटणीची सालंही तीच धूत होती, म्हणून माझी जागा राहिली. संध्याकाळी खोलीवर येऊन माझी वेणी घालायची, मला भात भरवायची. भरवता भरवता माझ्या तळव्यावर बोट ठेवून म्हणायची, "मूठ वलव." एके दिवशी तिचं बोट माझ्या मुठीत अडकलं. तिनं पुढचा घास तेवढा मोठा दिला.

आता तिला नीट दिसत नाही म्हणतात. मी परत गावी आले त्याला बरीच वर्षं झाली. पण एकदा दिघाशीला जाणार आहे, चार दिवसांची पाहुणी म्हणून नाही. तिला कंटाळा येईपर्यंत राहीन आणि याच हातानं तिला जेवू घालीन.