एकटीची केबिन

रिबेकाबाईंचा फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. त्या माझ्या वहिनीच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. "प्रभाताई, सुमनताई दार उघडत नाहीयेत, दुधाची पिशवी अजून बाहेरच आहे," एवढंच म्हणाल्या. मी जुन्या पनवेलात, वहिनी नवीन पनवेलला. माझी रिक्षा पोचेपर्यंत सोसायटीतल्यांनी सुतार बोलावून दार उघडलं होतं. वहिनी गेली होती. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. तिची दोन्ही मुलं, सुना आणि नातवंडं तेव्हा भर समुद्रात होती, क्रूझवर. याला आता दीड महिना होईल, आणि या दीड महिन्यात एकच वाक्य ऐकून माझे कान किटलेत. "बिचारी एकटी होती हो शेवटी." भेटायला येणारे म्हणतात, फोनवाले म्हणतात, आणि म्हणताना मंदारकडे, तिच्या थोरल्याकडे, असं बघतात की आईला घरी टाकून हा सहलीला गेला. मलाही मंदारचा राग आहे. भयंकर राग आहे. पण तो यासाठी नाही. आणि वहिनीला बिचारी तर माझ्यासमोर कुणी म्हणूच नये.

वहिनी चिरनेरची. लग्न होऊन आली तेव्हा दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. माझी आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली, तर तिच्या उशाशी वहिनी झोपायची, वर्षानुवर्षं. मग मंदार झाला, नीलेश झाला, ते तिच्या दोन बाजूंना. दादा न्हावा शेव्याला पाळीनं कामाला, ते अवेळी येणार म्हणून ही अर्धी जागी. तिच्या झोपेला कायम कुणीतरी चिकटलेलं. दादा गेले, मुलांनी नवीन फ्लॅट घेतला, म्हटलं आता तरी... तर एक बेडरूम मंदार-पल्लवीची, दुसरी त्यांच्या मुलीची, सईची, कारण तिची दहावी. दहावी झाली, बारावी आली, खोली सईचीच राहिली. वहिनी हॉलमधल्या दिवाणावर. हॉल म्हणजे घरातला रस्ताच. टीव्ही बंद झाल्याशिवाय अंथरूण घालता येत नाही आणि घर जागं व्हायच्या आत आवरून ठेवायचं. कधी दुपारची माझ्याकडे यायची आणि माझ्या एका खोलीच्या घरात नुसती बसून राहायची. "तुमचं बरं आहे, वन्सं," म्हणायची. माझं लग्न नाही, मूलबाळ नाही, बाकीच्या बायका माझ्यासाठी हळहळतात. माझा हेवा करणारी जगात ही एकटीच होती, आणि तो ती लपवायचीही नाही.

यंदा तिची पंचाहत्तरी. मुलांनी ठरवलं, होमहवन नको, सगळे मिळून क्रूझला जाऊ. एका रविवारी नीलेशचं बिऱ्हाड पुण्याहून आलं, मलाही बोलावलं, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि जहाजांचा बाजार सुरू झाला. सई आता सतराची, तिला वायफाय हवं आणि तिच्या वयाच्या मुलांसाठी वेगळा क्लब. नीलेशचा अर्णव चौदाचा, त्याला पाण्याच्या घसरगुंड्या. नीलेशला बोट लागते, म्हणून जहाज मोठं हवं. पल्लवीला शाकाहारी जेवण वेगळं शिजवणारं हवं. मंदारनं आईसाठी म्हणून डॉक्टर आहे का, लिफ्ट आहे का, जिने किती, सगळं बारकाईनं पाहिलं, त्यात मी खोट काढणार नाही. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन येणारं एक जहाज सगळ्यांना पसंत पडलं. मग शेवटी, विचारायचं म्हणून, "आई, तुला काय हवंय?" तिचं उत्तर आम्हाला पाठ होतं, मला काय, काहीही चालेल. त्या दिवशी ती म्हणाली, "मला एकटीला खोली हवी. खिडकीची."

सगळे हसले. "अगं, एकटी काय करणार तू?" मंदारनं विचारलं. "दार लावून घेणार," ती म्हणाली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. मग समजूत घालणं सुरू. अठराच्या आतल्या मुलांना केबिनमध्ये एकटं ठेवत नाहीत, मोठं माणूस लागतं, तेव्हा आजी आणि दोन्ही मुलं एका केबिनमध्ये, दोन्ही जोड्या शेजारी, असा हिशेब त्यांनी कधीच करून ठेवला होता. "मी काय पोरांच्या दाराचं कुलूप आहे का?" वहिनी म्हणाली. यावर सई बोलली, आणि त्या हॉलमध्ये त्या दिवशी शहाणं असं तेवढंच कुणी बोललं. म्हणाली, मी आईबाबांच्या केबिनमध्ये झोपते, अर्णव त्याच्या आईबाबांच्या, आजीला वेगळी द्या. पल्लवी लगेच म्हणाली, "म्हणजे आम्हाला काही प्रायव्हसी नकोच का?" जिला पंचाहत्तर वर्षांत दार लावून झोपता आलं नाही, तिच्यासमोर हा शब्द उच्चारताना पल्लवीची जीभ अडखळली नाही. नीलेशनं तोडगा काढला, आत्यालाही घेऊ, दोघी एका खोलीत राहतील. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "वन्सं, राग मानू नका. तुमच्याबरोबरही नको." मानला ना मी राग. घरी जाऊन चहा होईपर्यंत टिकला. मग हसू यायला लागलं, आणि मग मात्र तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

शेवटी मंदार म्हणाला, "बरं आई, तुझ्या मनासारखं करतो." वहिनीनं ते खरं धरलं. रिबेकाबाईंना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. मला बाजारात घेऊन गेली आणि नवा गाऊन घेतला, मोठ्या फुलांचा, हॉलमध्ये तिनं कधी घातला नसता असा. आणि निघायला आठवडा राहिला असताना बॅगा भरता भरता सई बोलून गेली, "आजी, वरचा बर्थ माझा हं." पोरीला वाटलं आजीला माहीत आहे. केबिन पहिल्यासारख्याच घेतल्या होत्या. मंदारला विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं, एकदा जहाजावर चढली की रमेल, विसरून जाईल." मंदार, तू हे वाचशील म्हणून लिहिते. नाही म्हणाला असतास तर ती चार दिवस फुगून बसली असती आणि आली असती. तू हो म्हणालास. आईला लहान मूल समजून हो म्हणालास. माझा राग आहे तो हा.

वहिनी भांडली नाही. "तुम्ही जा, मी येत नाही," एवढंच, आणि त्यावरून हलली नाही. तिला एकटीला घरी कसं ठेवायचं यावर दोन दिवस खल झाला, पण सहल कुणाला सोडवत नव्हती. आणि मुलांच्या केबिनमध्ये शेवटी कोण झोपलं? पल्लवी. म्हणजे जमत होतं की. पहिल्या दिवसापासून जमत होतं...

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोबत म्हणून मी चकल्या घेऊन गेले. वहिनीनं साखळी न काढता फटीतून पाहिलं. अंगात तो फुलाफुलांचा गाऊन. "वन्सं, आज नको. परवा या," म्हणाली, चकल्या घेतल्या आणि दार लावलं. संध्याकाळी फोन केला तर, "जेवले. आमटीभात. आता पडते, ठेवा फोन." आवाज असा, जसा लग्न ठरलेल्या मुलींचा असतो.

रिबेकाबाईंचा फोन आला त्या दिवशी मी आत गेले तेव्हा ती दिवाणावर नव्हती. सईच्या खोलीत होती. वॉचमनला वर बोलावून तिनं पलंग खिडकीला लावून घेतला होता. त्या खिडकीतून समुद्र कुठला दिसायला, समोरच्या इमारतीची गच्ची आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. पलंगाच्या मधोमध, दोन्ही हात पसरून ती झोपली होती. तिला अशी झोपलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती, कायम कडेला, अंग चोरून. बायका हुंदके देत होत्या, एकटी हो, एकटी, आणि मला त्या सगळ्यांना खोलीबाहेर काढावंसं वाटत होतं.

परवा मंदार माझ्याकडे आला. खूप वाळलाय. झोप लागत नाही म्हणाला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग विचारलं, "आत्या, त्या दिवसांत तिच्याशी तूच बोललीस. तिनं आमची आठवण काढली का गं?" हो म्हणायला काय लागतं. माझ्या भावाचा मुलगा आहे, अंगाखांद्यावर खेळलाय. पण समजुतीसाठी म्हटलेल्या एका 'हो'नं काय होतं ते आमच्या घरानं पाहिलंय.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. खूश होती रे ती."