डोंबिवलीच्या गणपतीतलं आमचं नाटक

हौशी नाटक तीन तासांत संपतं, पण त्याचे किस्से जन्मभर पुरतात! स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत आमच्या डोंबिवलीच्या चाळीत गणपतीला दरवर्षी नाटक व्हायचं. नट आम्हीच, पडदे ओढणारेही आम्हीच. त्यामुळे किस्से काही शोधायला जावे लागले नाहीत.

एका वर्षी मी राजा झालेलो. शेवटच्या अंकात विष पिऊन मरायचं होतं. माझा घसा बसलेला, म्हणून शेजारच्या काकूंनी प्रेमाने विषाच्या पेल्यात आल्याचा कडक चहा ओतून ठेवला. मला काय पत्ता! "हे मृत्यो, ये!" म्हणून पेला ओठांना लावला आणि जीभ पोळली. मग काय, फुंकर घालत घालत विष प्यायलो.

प्रेक्षकांत मागून एकजण ओरडला, "महाराज, बशीत ओता, बशीत!"

*

आमची नायिका म्हणजे बबन राणे. कल्याणला रेल्वेत क्लार्क, पण नऊवारी नेसून उभा राहिला की भलेभले फसायचे. त्याचं लग्न झालं त्या वर्षी नवी वहिनी पहिल्यांदाच नाटकाला आलेली. दुसऱ्या अंकात बबन हुंदके देऊन रडत होता, सगळं पब्लिक गप्प. तेवढ्यात त्याचा पदर घसरला.

बायकांच्या घोळक्यातून वहिनी ताडकन उठल्या, "अहो, पदर सावरा! मामंजी पुढेच बसलेत!"

*

आप्पा आमचे डायरेक्टर. सिनेमाचं नाव काढलं की भडकायचे. पंधरा ऑगस्टला त्यांनी तालीम ठेवली. "सुट्टी देशासाठी असते, नाटकवाल्यांसाठी नव्हे!" आम्ही पोटदुखी, पाहुणे अशी कारणं सांगितली आणि ठाण्याला मॅटिनीला गेलो. इंटरव्हलला दिवे लागले. पुढच्याच रांगेत आप्पा आणि त्यांची बायको, हातात शेंगांची पुडी!

आप्पा शांतपणे म्हणाले, "पोट कसं आहे?"

*

पुढे बबनच म्हणाला, "आता खऱ्या बाईला करू द्या." कमिटीत गदारोळ झाला. "चाळीतली बाई स्टेजवर? लोक काय म्हणतील?"

बबन उखडला, "अरे, इतकी वर्षं लोक मला शिट्ट्या मारतायत, तेव्हा नाही कोणाला लाज वाटली!"

*

त्यानंतर सुशीलाबाई नायिका झाल्या. शाळेत शिकवायच्या. वयाच्या विशीत नवरा गेलेला, घरी फक्त सासू. तीही विधवा, लाल आलवणातली, केस काढलेली, कोणाशी फारसं न बोलणारी म्हातारी. ती परवानगी देईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तिने दिली.

भूमिका सवाष्णीची. नाटकाच्या दिवशी रंगरंगोटी झाली, अंबाडा झाला. कुंकवाची डबी हातात घेतली आणि सुशीलाबाई थांबल्या. बोट काही कपाळाकडे जाईना. आप्पा म्हणाले, "राहू दे पोरी, तसंच करू." बाहेर तिसरी घंटा झाली.

म्हातारी कोपऱ्यात बसली होती. ती उठली. स्वतः कुंकू लावू नये अशी बाई, पण तिने डबी घेतली आणि सुनेच्या कपाळावर ठसठशीत कुंकू रेखलं. "जा. लोक वाट बघतायत."

काम झकास झालं. टाळ्या थांबेनात! आत आल्यावर सुशीलाबाईंनी खोबरेल तेल घेतलं आणि सगळ्यात आधी कपाळाला हात घातला.

सासूने मनगट धरलं.

"रंग पुस," ती म्हणाली, "कुंकू राहू दे."