आक्कांनी नाकारलेली निळी युकुलेली

भोरला आक्कांच्या दुकानात कुणी बाजाची पेटी दुरुस्तीला आणली, की आक्का तिला लगेच हात लावत नसत. पेटी बाकावर ठेवायची, तिच्यावर धुतलेलं फडकं टाकायचं आणि आणणाऱ्याला चहा द्यायचा. माणूस कितीही घाईत असला तरी पंधरा मिनिटं सुटका नसे. "यष्टीतनं आदळत आलीया. दम खाऊ द्या तिला," असं म्हणायच्या. तेवढ्या वेळात आणणारा तक्रारी सांगत राही आणि आक्का मान खाली घालून ऐकत. फडकं काढायच्या आधीच निम्मं दुखणं त्यांना कळलेलं असे. पुष्कळदा ते पेटीचं नसेच. "पेटी बरी हाय, बुवा. काळी चार सोडा, काळी दोन धरा. गळ्याला झेपंल तेवडंच गा," असं सांगून त्या पेटी तशीच परत पाठवत.

त्यांचं नाव सगुणाबाई, पण भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत त्या आक्काच होत्या. वडील पेट्या दुरुस्त करायचे. म्हातारपणी त्यांचा हात थरथरू लागला, तेव्हा सूर ते ऐकायचे आणि कानस मुलगी चालवायची. नवरा टेम्पोवर असे. वडील गेल्यावर दुकान आक्कांकडेच राहिलं. बाईमाणसाकडे भजनाची पेटी कशी द्यायची, असं एक बुवा तोंडावर म्हणाले होते. आक्का म्हणाल्या, "मग पेटीलाच इचारा की. तिला चालत नसंल तर घिऊन जावा." त्या बुवांची पेटी पुढे वीस वर्षं आक्कांकडेच येत होती.

मी विंझरच्या बाजूला एका शाळेत मुख्याध्यापक होतो. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, पानशेतला बंगला बांधलेल्या पुण्याच्या एका दांपत्याने शाळेला पंचवीस युकुलेली द्यायचं ठरवलं. युकुलेले म्हणजे चार तारांची, काखेत मावणारी गिटार. पुरवठादाराने स्वस्तातले दोन नमुने पाठवले आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे माझ्यावर सोपवलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी दोन्ही नमुने पिशवीत घातले, नसरापूरला गाडी बदलली आणि भोर गाठलं.

आक्कांनीही युकुलेले पहिल्यांदाच पाहिलं. "गुरुजी, ही गिटार धुतल्यावर आटली व्हय?" म्हणाल्या. तरी फडकं टाकलं, चहा झाला. एक नमुना निळाशार, चकाकता, वर पांढऱ्या फुलांची नक्षी. दुसरा मातकट तपकिरी, आमच्या शाळेच्या बाकांच्या रंगाचा. मी कागद पाहून तारांचे सूर सांगितले. चौथी तार जाड असायची सोडून बारीक कशी, हे काही त्यांना पटेना; कारागीर चुकला असं त्यांचं म्हणणं. या वाद्यात तशीच असते, असं मी कागद दाखवून सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "आसंल. त्याच्या गावची रीत."

मग त्या कामाला लागल्या. सुतार फळी पाहतो तसा एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली. दांडी कुठे वाकलेली नाही ना, हे पाहिलं. पडद्यांच्या, म्हणजे दांडीवरच्या पितळी पट्ट्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला. निळ्याच्या कडा टोचल्या. माझाही अंगठा धरून फिरवला आणि पोरांची बोटं याहून कोवळी असतात म्हणाल्या. खुंट्या फिरवून पाहिल्या. पोटावर टिचक्या मारून आत काही सुटलेलं नाही ना, ते ऐकलं. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्याखाली कागदाची कड सरकते का पाहिलं. प्रत्येक पडदा दाबून तार कुठे फरफरत नाही ना, तेही ऐकलं.

शेवटी पेटीवर सूर धरून तार मिळवली आणि बारावा पडदा दाबून तीच तार छेडली. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर हवा, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात बोलतो. तपकिरी बोललं. निळं चढलं. आक्कांनी दोऱ्याने मोजलं, तर निळ्याची घोडी तांदळाच्या दाण्याएवढी पुढे चिकटवलेली निघाली.

"ह्ये खोटं बोलतंय," त्या म्हणाल्या. "स्वस्त हाय म्हनून न्हवं. स्वस्त आसनं काय दोष न्हाई, ते तांबूसबी स्वस्तच हाय. नवी तार आठ दिस ढिली पडनार, रोज ताना, बसंल. त्यावरनं वाद्याला नाव ठेवू नगा. पन ही जागाच चुकलीया. पोरगं बोट बरोबर ठेवनार आन सूर वाकडा येनार. त्याला वाटंल, आपल्यालाच जमत न्हाई."

निळं दिसायला फार छान आहे, मुलांना आवडेल, असं मी पुटपुटलो. "मांडवात हुबं करायचंय व्हय? वाजवायचंय न्हवं?" एवढंच त्या म्हणाल्या आणि दोन्ही माझ्या पिशवीत ठेवली.

मी निळी मागवली.

कारण सांगायला मला लाज वाटते. माझं ते शेवटचं स्नेहसंमेलन होतं. स्टेजवर पंचवीस निळी वाद्यं एका रांगेत मला दिसत होती, आणि फोटोही. तांदळाच्या दाण्याने काय होतं, असं मी मनाशी म्हणालो.

संमेलनाच्या दिवशी ते कळलं. मुलांनी महिनाभर जीव तोडून सराव केला होता. सरावात सूर वाकडे येत, तेव्हा नव्या तारा आहेत, बसतील, असं मी म्हणत आलो होतो. शाळेतल्या बाई पेटीवर, मुलं युकुलेल्यांवर. मोकळ्या तारा मिळत. बोट ठेवलं की प्रत्येक वाद्य आपल्या चुकीच्या मापाने वाकडं जाई, कारण प्रत्येकाची घोडी वेगळीकडे चिकटवलेली होती. मागच्या रांगांत हसू फुटलं. पहिल्या ओळीतल्या एका मुलीने वाजवणं थांबवलं आणि ती वाद्य मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. पाहुणे दांपत्य खाली बघू लागलं. शाळा समितीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "सर, ही कुणी बघून घेतली?"

मी म्हणालो, "भोरच्या आक्कांना दाखवली होती."

वाक्यातला शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते इतकं चाललं. विंझरच्या भजनी मंडळाचे बुवा पुढच्याच खुर्चीवर होते. आक्कांचा कान गेला, ही बातमी महिन्याभरात गावोगावी पोचली. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे पाटी नसते, कागद नसतो. त्याच्या कानावर चार गावांचा भरवसा असतो, तेवढाच. तो मी मोडला. मंडळं पेट्या पुण्याला पाठवू लागली.

याहून वाईट पुढेच आहे. दहा दिवसांनी आक्का स्वतः शाळेत आल्या, हातात हत्यारांची पिशवी. कुणी बोलावलं नव्हतं. मला एकट्याला गाठून म्हणाल्या, "तुमी निळी घेतली, ते कळलं. पोरांनी काय केलंय?" व्हरांड्यात बसकर टाकून आठ दिवस त्यांनी एकेक घोडी उकलली, दोऱ्याने मोजून जागेवर चिकटवली आणि पडद्यांच्या कडा घासल्या. मुलं भोवती बसून पाहत. त्यांनाही त्यांनी दोरा धरायला आणि ऐकायला शिकवलं. नववा दिवस उजाडला तेव्हा ती पहिल्या ओळीतली मुलगी सबंध गाणं न चुकता वाजवत होती. गावात मात्र लोक म्हणाले, केलेली चूक निस्तरायला आली बिचारी. मी ते ऐकलं आणि तेव्हाही गप्प राहिलो.

तसा आठ वर्षं राहिलो. मग पुण्याहून नात आली, तिच्याकडे युकुलेले. चांगलं आहे का, तिने विचारलं. मी एक डोळा मिटून दांडी पाहिली, अंगठा फिरवला, दोरा मागितला. नात हसायला लागली. हे सगळं कुणी शिकवलं म्हणाली. भोरच्या एका बाईंनी, असं मी सांगितलं, तर म्हणाली, "मग त्यांनाच दाखवू या ना." मला दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरावीच लागली. नातीला नेलं नाही, एकटा गेलो.

दुकानात एकच पेटी होती आणि शेजारी आक्कांची सून मनीषा काहीतरी घासत बसली होती. मी बसलो, चहा आला. मी सगळं सांगितलं. आक्कांनी मध्ये तोडलं नाही, माफही केलं नाही.

"मला सांगून काय उपेग, गुरुजी? मी तर हुतेच की तितं. ज्यांच्या कानात घातलंय, त्यांच्या कानातनं काडा."

म्हणून मी एकादशीला संध्याकाळी विंझरच्या देवळात गेलो आणि भजन सुरू व्हायच्या आधी उभा राहिलो. आक्कांनी निळं नको म्हटलं होतं, मी तेच घेतलं आणि नाव त्यांचं सांगितलं, असं म्हणालो. माझाच एक जुना विद्यार्थी टाळ खाली ठेवून म्हणाला, "सर, मी कॉपी केली तवा तुमी मला तासभर अंगठं धरून हुबं केलं हुतं." बुवा म्हणाले, "आता या वयात त्यांनी अंगठं धरलं तर उचलायला चार मानसं लागतील. बसा, सर." लोक हसले. ते हसणं मी पदरात घेतलं.

नंतर मी गावोगाव फिरलो. एका ठिकाणी मला बसा म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं. पालीला मात्र सगळं ऐकून घेतल्यावर मंडळाचा म्हातारा म्हणाला, "आमी कवा सोडलं आक्कांना? आमाला ऐकू येतंय." मी ओशाळलो आणि मला बरंही वाटलं.

यंदाच्या माघात आक्का गेल्या. दोन दिवस तापाचं निमित्त झालं. त्यांच्या दुकानात तेव्हा बाकावर जागा नव्हती, फळीवर आणि फळीखाली पेट्या होत्या. त्या सगळ्या मनीषाने पुऱ्या केल्या. आमच्या शाळेच्या आताच्या बाईंनी नवीन युकुलेली घेतली तीही तिलाच दाखवून, आणि तिने नको म्हटलेली दोन मुकाट्याने परत केली. पण मला सांगायचं आहे ते विंझरच्या पेटीबद्दल.

मी कबुली दिली त्या एकादशीला भजन संपल्यावर बुवा मला म्हणाले, की या पेटीचा पंचम आठ वर्षं टोचतोय, पुण्यात कुणीतरी नासवून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी ती पेटी मांडीवर घेऊन मी भोरला गेलो. मनातून खूश होतो; बुवांचे शब्द मी आक्कांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी फडकं काढलं, पेटी उघडली, बराच वेळ आत पाहिलं. मग पंचम बोलतो त्या आतल्या पितळी पट्टीवरून बारीक कुंचला फिरवला आणि वाजवून पाहिलं. सूर स्वच्छ होता.

"धूळ हुती," त्या म्हणाल्या. "पुन्याच्या मानसानं काम चोख केलंय. माझ्यापरास बारीक हात हाय त्याचा. बुवांना सांगा तसं."

मी म्हणालो, तसं सांगितलं तर पेटी पुन्हा पुण्यालाच जाईल; आत्ता कुठे एक पेटी परत आली आहे.

आक्कांनी पेटी बंद केली आणि माझ्यापुढे सरकवली. "जाऊ द्या. माझं नाव वर काडायला त्याचं खाली वडू नगा. सांगताय न्हवं?"

विंझरला उतरलो तेव्हा बुवा फाट्यावरच उभे होते. मी त्यांना सांगितलं: फक्त धूळ होती, पुण्याच्या माणसाने काम चोख केलंय, आणि हे आक्कांनी सांगायला लावलंय. बुवांनी पेटी माझ्या हातातून घेतली.

"मग आता ही भोरलाच जानार," ते म्हणाले.