माहेरी वेळेवर पोचणारी सायकल

आबा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा मला निरोप मिळाला तो दहाव्याच्या संध्याकाळी. सकाळीच सगळं उरकलं होतं. माझं सासर बारामतीजवळ जळोचीला, माहेर इंदापूरच्या थोडं अलीकडं. मध्ये तीस मैलांची वाट. निरोप आणला तो माहेरच्या गावच्या गाडीवानानं. तो गूळ घेऊन बारामतीच्या बाजाराला येत असे.

पुढं दोन महिन्यांनी तोच पुन्हा आला आणि भीत भीत म्हणाला, "बाई, म्हातारी लई रुसलीय तुमच्यावर. म्हणती, निरोप जाऊनबी लेक आली न्हाय."

"कोण म्हणालं निरोप गेला म्हणून?"

"दादांनी तसंच सांगितलंय सगळ्यांस्नी."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचा ऊस कारखान्याला जाऊ लागल्यापासून डोक्यावर भाजीची पाटी वाहणाऱ्या मेव्हण्याची त्याला लाज वाटे. चार लोकांत आम्ही नकोच असायचो. पण त्यासाठी त्यानं मला आईच्या मनातून उतरवलं. मी बोलकी बाई नाही. जावांच्या पुढंही माझा आवाज फुटत नाही. मात्र त्या दिवशी भाकरी थापताना मी ठरवलं, हे मी फेडणार, आणि सगळी भावकी जेवायला बसलेली असताना फेडणार.

आबांच्या वर्षश्राद्धाची तिथी मला पाठ होती. आधीच जाऊन बसले असते तर "न बोलावता आली" असं तो म्हणाला असता. आम्हाला कळवलं असं लोकांना दाखवायला तो निरोप धाडणार, पण उशिरा धाडणार, हे मी जाणून होते. तो उशिराचा निरोप यावा आणि तरी मी वेळेवर पोचावं, एवढंच मला हवं होतं. बैलगाडीनं ते होणार नव्हतं. मोटर भरल्याशिवाय हलत नसे. राहिली सायकल.

यांना मी सांगितलं तेव्हा हे हसले. "तीस मैल? मागं तुला बसवून?"

"तुमी दोन पाट्या घेऊन बाजाराला जाता की."

वांग्यांचं पीक चांगलं आलं होतं, त्यामुळं सायकल घ्यायला हे तयार झाले. पण दुकानात सगळ्यांसमोर मी सायकलवर बसून बघणार कशी? मग आम्ही घरीच भाजीच्या काट्यावर माझं वजन केलं. सव्वा मण भरले. तेवढाच कांदा पोत्यात भरला आणि पोतं घेऊन बारामतीच्या दुकानात गेलो.

यांचा जीव एका नव्या, चकचकीत सायकलीवर बसला. मी मागं पदर ओढून उभी होते. कांद्याचं पोतं बांधल्यावर तिचं पुढचं चाक वर उठायला लागलं. मी हळूच म्हटलं, "ही नको." दुसरी उंच होती, चढावर यांचे पाय पुरेनात. तिसरी जुनी, जाड नळ्यांची, काळी, रंग उडालेली. हे पोतं घेऊन कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन आले, आणि ती कुठं कुरकुरली नाही.

दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, एवढा कांदा निघाला तरी कुठं?"

"सासुरवाडीला," हे म्हणाले.

"मग आणतानाबी काय तरी भरून आणा!"

मी मनात म्हटलं, आणणारच आहे.

सायकल घरी आली आणि वर्षाचे राहिलेले महिने माझे तिच्यातच गेले. लोहाराकडून मागच्या कॅरियरला दोन लोखंडी पट्ट्यांचा आधार दिला, माझे पाय टेकायला दोन्ही बाजूंना दांडे बसवून घेतले. लुगडं चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना सुतळीची जाळी विणली. बैलाच्या तोंडाला बांधायचं मुसकं विणतात तशीच वीण. प्रत्येक गाठ आवळताना दादाचं तोंड डोळ्यांपुढं आणत असे. बाभळीच्या काट्यांसाठी जुन्या टायरची पट्टी कापून नव्या टायरच्या आत घातली. एक मात्र चुकलं. साखळीला मी घरचं करडईचं तेल दिलं. धुरळा बसून त्याचा असा लगदा झाला की पायडल फिरेना. दुकानदार हसून म्हणाला, "वैनी, सायकलीला फोडणी देऊ नका." मग रॉकेलनं धुऊन काढली आणि त्याच्याकडचं पातळ तेल आणलं.

रोज सकाळी बांधावरून बसायची सवय केली. चारदा पडले. गुडघा फुटला तरी नाद सोडला नाही.

आणि तिथीच्या आदल्या दिवशी दिवे लागताना गाडीवान दारात आला. "उद्या आबांचं वर्षश्राद्ध हाय. दादा म्हणाले, जमलं तर या."

"कधी आलास बारामतीला?"

तो खाली बघत म्हणाला, "काल दुपारी. दादा म्हणाले, बाजार उरकून मग जा."

मी त्याला पोटभर जेवू घातलं. त्यानं मला हवं ते दिलं होतं.

पहाटे निघालो. वालचंदनगरच्या कारखान्याचं धुराडं उजव्या हाताला दूर दिसलं तेव्हा ऊन वर आलं होतं. एकदा हवा गेली, यांनी बाभळीखाली बसून ट्यूबला ठिगळ लावलं. मी तोवर मनात वाक्य घोकत होते.

पोचलो तेव्हा अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या, माणसं बसत होती. दादाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"कशानं आलीस?" एवढंच तो म्हणाला.

घोकलेलं सगळं मी सरळ बोलून टाकलं. "दादा, तुझा निरोप काल दिवेलागणीला मिळाला. गाडीवान परवापासून बारामतीत होता. बाजार उरकून मग जा, असं तूच त्याला सांगितलंस. आबांच्या वेळंला तर दहावं झाल्यावर निरोप आला. आईला खरं सांग."

"बैल उसाला जुंपलेलं हुतं. माणूस मोकळा न्हवता..."

आमचे चुलते, तात्या, पत्रावळीवरून मान वर करून म्हणाले, "दहा दिस न्हवता व्हय रं?"

कुणीतरी हसलं. दादाची मान खाली गेली. ती खाली गेलेली मान मी डोळे भरून बघितली.

आई सगळं ऐकून आतून आली. माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडं, सायकलीच्या जाळीकडं बघितलं. मग दादाला म्हणाली, "उद्या गाडी जुंप. मी लेकीकडं जाणार. आन तू सोता हाक, गडी नको."

आबांच्या नावाचे म्हणून मी दोन घास खाल्ले. दादा वाढायला आला तेव्हा पत्रावळीवर हात आडवा धरला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आईला घेऊन आमच्या दारात उतरला. धुरळ्यानं माखलेला. मी आईला हात धरून आत नेलं. त्याला तांब्याभर पाणी दिलं, बस म्हटलं नाही. पाणी पिऊन तो म्हणाला, "झालं का तुझं समाधान?"

"न्हाय," मी म्हटलं, आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेले.