पांढऱ्या पट्ट्यांची वाट

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते सुभेदारबाबांचं. आमचा पाडा त्यांना याच नावाने ओळखतो, तेवढंच इथे पुरे. आज सकाळी तलासरीच्या मैदानावर भरतीचा सराव करणाऱ्या पोरांसाठी कुणी फक्की टाकत होतं. तांबड्या मातीवर उमटत जाणारी ती पांढरी रेघ दिसली, चुन्याचा कोरडा वास नाकात चुरचुरला आणि मी मनाने थेट आमच्या ओढ्याच्या काठी जाऊन उभा राहिलो.

पाडा ओढ्याच्या एका अंगाला, शाळा आणि रस्ता दुसऱ्या अंगाला. पावसाळ्यात कुठे खडक आणि कुठे डोह, ते गढूळ पाण्यात कळत नसे. बाबा फौजेतून परतले ते वर्ष मला आठवतं. त्यांनी काठीने तळ चाचपत पक्की वाट शोधली, दोन्ही बाजूंनी बांबू रोवले आणि जुन्या धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या त्यांना बांधल्या. मग आम्हा पोरांना एकामागे एक उभं केलं. "पुढच्याच्या पावलात पाऊल. पट्टीबाहेर कोणी जायचं नाय." त्याच वाटेने मी शाळेत, पुढे डहाणूच्या कॉलेजात गेलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

ही रीत त्यांनी लढाईतून आणली होती. ते फौजेच्या इंजिनिअर तुकडीत होते. वरून तोफगोळे पडत असताना पोटावर सरपटत, सळईने जमीन टोचत त्यांनी शत्रूने पेरलेले सुरुंग काढले आणि मागे सुरक्षित वाट दाखवणारी पांढरी पट्टी अंथरत नेली. खांद्यात गोळ्याचा तुकडा शिरला, तरी पट्टी नदीपर्यंत पोहोचली. तिच्यावरून अख्खी पलटण पार झाली. त्याचं शौर्यपदक त्यांच्याकडे आहे.

गेल्या महिन्यात गावाने रस्त्यावर त्यांच्या नावाची कमान उभारली. ओढ्यावर साकव, एक छोटा पूल, मागता मागता आमची उमर गेली, नकाराला दरवेळी नवं कारण मिळालं. कमान मात्र झटक्यात झाली. सत्कारात सूत्रसंचालक म्हणाला, "बाबा, किती दुश्मन मारले ते सांगा ना, पोरांना जोश येईल!"

"एक पण नाय. माझं तोंड जमिनीत होतं रे. दुश्मन बघितलाच नाय."

टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. कुणीतरी सावरून घेतलं, "कमान तरी बघा बाबा, नाव केवढं मोठं!"

"नाव अलीकडं, मी पलीकडं. पावसात आम्ही दोघांनी भेटायचं कसं?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. गोळ्यांच्या वर्षावात परक्या नदीपर्यंत वाट काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओढ्यावर चार फळ्यांचा साकव मिळू नये, आणि माझ्या पदवीने लिहिलेल्या एकाही अर्जाने तो मंजूर होऊ नये, याचा संताप कुठे ठेवायचा? आता बाबांचे गुडघे वाकत नाहीत. दर पावसाळ्यात बाबाच रोवत आलेले बांबू यंदा कोण रोवणार, म्हणून पाड्यातल्या आया काळजीत आहेत. मैदानावरून तलासरीतल्या घरी आलो आणि बाबांना फोन आवडत नाही म्हणून पत्र टाकलं:

"ती. सुभेदारबाबांस, साष्टांग नमस्कार. साकव यंदाही नाही. रविवारी बांबू घेऊन येतो. धोतर फाडून ठेवा. तुम्ही काठावर बसून तळ कुठे पक्का ते सांगा, पाण्यात मी उतरतो. चुकलो तर नेहमीसारखे ओरडा. वाट झाली की तुम्हाला पलीकडे नेईन. त्या वेळी मी पुढे चालेन, तुम्ही माझ्या पावलात पाऊल टाका."