चालू करूनच

गल्लीत त्यांना सगळे ‘गरगरआजोबा’ म्हणत. जन्मभर लोकांचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त केल्या आणि लोकांनी टाकून दिलेली यंत्रं घरी आणून ठेवली. हौसेला मोल नसतं म्हणतात. जागा मात्र लागते. मागची खोली पितळी पात्यांच्या पंख्यांनी, कापडी वायरींच्या इस्त्र्यांनी छतापर्यंत भरली होती. आजी म्हणायच्या, “यापेक्षा एक सवत परवडली असती, तिला तेलपाणी तरी करावं लागलं नसतं.”

मग आजींना अर्धांगवायू झाला. डॉक्टरांनी वर-खाली होणारी खाट आणायला सांगितली, आणि ती मागच्या खोलीतच मावणार होती. आजोबा नाही म्हणाले नाहीत. अट एकच घातली: यंत्र घराबाहेर जाईल ते चालू होऊनच. बंद यंत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नेम. कुणाच्या तरी घरात ती यंत्रं पुन्हा फिरतील, एवढ्या आशेवर ते कामाला बसले.

आशा वाईट नव्हती, वेळ वाईट होती. एका पंख्याला पात्यांची वाट बघावी लागे, दुसऱ्याचं बेअरिंग कुठे मिळतच नसे. खाटेचं भिजत घोंगडं पडलं आणि आजी पुढच्या खोलीत जमिनीवरच्या गादीवर पडून राहिल्या. मुलगी सांगून सांगून थकली. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी एका दुपारी तिनं त्यांच्या हातातला पाना काढून घेतला, त्यांना आईजवळ बसवलं आणि आईला कुशीवर वळवलं.

“बघा बाबा. मान फिरवू नका, बघा. पाठ सडलीय तिची.”

इतके दिवस घरात येणारा वास औषधांचा असेल, असं ते स्वतःला सांगत आले होते. त्यांनी लगेच खाट मागवली आणि भंगारवाल्याला बोलावलं.

भंगारवाल्यानं दारातच बैठक मारली, पहिला पंखा आडवा घातला आणि हातोडा उचलला.

“अरे, चालू आहे तो! लावून तरी बघ.”

“चालू असो नाहीतर बंद, आजोबा. आम्हाला तांबं-पितळ पाहिजे.”

“वापरायला कुणी नाही घेणार?”

“हे? कोण घेतंय आता!”

खाट घेऊन आलेली माणसं जिन्यात ताटकळत होती. आत आजी कण्हत होत्या. भंगारवाला एकटा, यंत्रं ढीगभर. आजोबांनी आतून आपला हातोडा आणला, त्याच्या शेजारी मांडी घातली आणि कालच सुरू केलेला मिक्सर स्वतः फोडला. मग दुसरा. अंधार पडायच्या आत खोली मोकळी झाली.

सकाळी जखम धुवायला नर्स आली. खोल गेलेली जखम बघून तिचा आवाज चढला.

“खाट इतक्या उशिरा का आणलीत?”

मुलीनं बापाकडे पाहिलं.

“दुरुस्ती चालली होती,” आजोबा म्हणाले.